फोलपटांवर मारलेली फुंकर

आमच्या गॅलरीत सात पाखरं होती. दुकानदारापासून शेजारणीपर्यंत सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणायचे. खरं नाव बजरीगर. लव्हबर्ड हा निराळा पक्षी, जरा गुबगुबीत आणि बराच महाग. पण आठवडी बाजारात पिंजरे मांडून बसणारा माणूस लव्हबर्ड म्हणून जे देतो ते बजरीगरच असतं. मीही सहा वर्षं तसंच म्हणत आले.

बजरीगर दाणा सोलून खातं. राळ्याचा दाणा जिभेवर फिरवायचा, आतला तांदूळ गिळायचा आणि टरफल पुन्हा वाटीतच टाकायचं. त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते आणि खाली दाणा संपलेला असतो. नवीन माणूस इथे फसतो आणि पाखरं उपाशी राहतात. मी फसले नव्हते. रोज सकाळी पतपेढीत जायच्या आधी गॅलरीच्या कठड्याशी उभी राहायची, वाटी तोंडाजवळ धरायची आणि फुंकर मारायची. फोलपटं उडायची. त्यांच्यासोबत काठावर वाळलेली शीट, पिसांचा भुगा आणि कसलीशी पांढरी पूडही उडायची. वारा उलटा असला की ते सगळं माझ्याच तोंडावर. मग ट्रेमधला कागद काढायचा आणि चिकटलेलं जुन्या उलथन्याने कोरडंच खरवडायचं. पाणी कशाला वाया घालवायचं, हा माझा हिशेब. हिशेबनीसच आहे मी.

डिसेंबर संपता संपता एक जोडी वाढवली. एक पिवळं, एक हिरवं. हिरवं जरा फुगून बसलंय असं मला तिथेच वाटलं होतं. विकणारा म्हणाला, "थंडी लागलीया ताई, दोन दिसात टणाटणा उड्या मारंल." नवं पाखरू आणलं की महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवायचं असतं, हे आता मी कुणालाही झोपेतून उठवून सांगीन. तेव्हा दुसरा पिंजरा माळ्यावर होता आणि त्यात कांदे भरलेले होते. नवी जोडी जुन्यांतच सोडली.

हिरव्याने उडी काही मारली नाही. पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचा चेंडू होऊन बसायचं. डोळ्यांच्या कडा ओल्या, नाकपुड्यांपाशी पिसं चिकटलेली, शीट पातळ आणि विचित्र हिरवी, कच्च्या लिंबाच्या सालीसारखी. मी त्याला बुटाच्या खोक्यात घालून बल्बखाली ठेवलं, ड्रॉपरने ओव्याचं पाणी पाजलं. तळहातावर घेऊन त्याचं नाक माझ्या ओढणीने पुसलं. चौथ्या दिवशी ते गेलं. मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. हे सगळं उघड्या हातांनी.

भोगीच्या दिवशी भाजी निवडता निवडता मला हुडहुडी भरली. तासाभरात ताप 103. तापापेक्षा डोकं वाईट होतं. आयुष्यात डोकेदुखी पुष्कळ पाहिली, मार्चअखेरची तर दरवर्षीची, पण ही वेगळी. कुणीतरी कपाळाच्या आतून घण घालतंय अशी. डोळे हलवले तरी दुखायचं. पाठ, मांड्या, सगळं ठेचल्यासारखं. खोकला अजून नव्हता, त्यामुळे छातीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडची विडाल, सगळं करून घेतलं. काही निघालं नाही. व्हायरल असेल म्हणाले. दोन दिवसांनी कोरडा खोकला सुरू झाला तेव्हा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिलं. ते नेमाने घेतलं, ताप जागचा हलला नाही. सहाव्या दिवशी जिना चढताना दोन पायऱ्यांवर बसले तेव्हा नवऱ्याने रिक्षा बोलावली.

आम्ही मिरजेत राहतो. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून माणसं इथे दवाखान्यासाठी येतात, आणि मिरजेच्या माणसाला आपल्याला काय झालंय ते कळायला नऊ दिवस लागावेत! रुग्णालयाचं नाव घेत नाही. राग होता, तो ओसरला. आता वाटतं, त्यांनी हाताशी होतं ते सगळं केलं, फक्त एक प्रश्न विचारला नाही.

एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग होता. न्यूमोनिया. पण बाकीचं गणित जमेना. पांढऱ्या पेशी अगदी नॉर्मल. एवढ्या न्यूमोनियात त्या वाढायला हव्यात. सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा रक्तातला आकडा, भरपूर वाढलेला, यकृताची एन्झाइम्स थोडी वर. आणि नाडी! रात्रपाळीच्या सिस्टरने थर्मामीटर बघितला, मनगट धरलं, घड्याळ बघितलं, पुन्हा धरलं. "मावशी, ताप 103 आणि नाडी 80 कशी हो तुमची?" ताप चढला की नाडी धावायला हवी, ती माझी निवांत चालली होती. तिने कागदावर लिहून ठेवलं. हा सगळ्यात मोठा धागा होता हे मला पुढे कळलं.

थुंकी क्षयासाठी तपासली, निगेटिव्ह. कोविड, स्वाइन फ्लू निगेटिव्ह. मग श्वसनरोगांच्या जंतूंची एक महागडी एकत्रित तपासणी केली, एका नमुन्यात बरेच जंतू शोधणारी. तीही निगेटिव्ह. सलाइनमधून आणखी जोरदार अँटिबायोटिक चालू झालं. ताप सकाळी 101, संध्याकाळी 103.

भरती होताना एका शिकाऊ डॉक्टरने सगळा इतिहास विचारला होता. मधुमेह? प्रवास? घरात कुणाला खोकला? घरात कोण कोण आहे? मी म्हटलं, चौघं. आम्ही दोघं, मुलगा, सासूबाई. पाखरं मोजली नाहीत. कुणी मोजतं का?

नवव्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. डाव्या हाताला सलाइन, उजव्या हाताने फोन धरायचं त्राण नाही, म्हणून सिस्टरने स्पीकर लावून उशाशी ठेवला. पोरगा दहावीतला, ताडमाड वाढलेला, आणि हुंदके देत होता. "आई, निळ्या गेला."

मी गप्प. निळ्या आमचं पहिलं पाखरू.

समोरच्या खाटेपाशी मेडिसिनची निवासी डॉक्टर पोरगी उभी होती. ती दचकून वळली. "काकू, कोण वारलं?"

"काही नाही हो. पाखरू."

"कसलं पाखरू?"

"लव्हबर्ड."

ती खाटेच्या कडेवर बसली. राउंडच्या वेळी डॉक्टर खाटेवर बसत नाहीत. किती पक्षी, केव्हापासून, नवीन आणलेत का, आधी एखादं मेलंय का, साफ कोण करतं, कसं करतं. मी फुंकरीचं सांगितलं. तिने अंगठ्याने पेनाचं टोपण दोनदा उघडझाक केलं, माझा चार्ट मागे मागे चाळला, नाडीच्या ओळीवर थांबली, आणि काही न बोलता सरांना फोन करायला बाहेर गेली. संध्याकाळी सर आले. म्हणाले, "हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं." मोठा डॉक्टर असं म्हणाला की माणसाचा अर्धा राग तिथेच जिरतो.

आजाराचं नाव सिटॅकोसिस. बोलीत पॅरट फिव्हर. क्लॅमिडिया सिटॅकी नावाचा जीवाणू. पक्ष्याच्या शीटेतून, नाका-डोळ्यांच्या स्रावातून बाहेर पडतो, वाळतो, धूळ होतो, आणि ती धूळ नाकातोंडात गेली की साधारण पाच ते चौदा दिवसांत माणूस आडवा. हिरवं गेलं त्यानंतर अकरा दिवसांनी मला हुडहुडी भरली होती. हा जीवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो. अमॉक्सिसिलिनच्या जातीची औषधं जीवाणूची भिंत फोडायला बघतात, इथे ती मात्रा चालत नाही. इथे लागतं डॉक्सिसायक्लिन. जुनं, स्वस्त, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं. माझ्या बिलात सगळ्यात स्वस्त ओळ त्याचीच होती.

पुराव्याची वाट बघत बसायचं नाही, औषध आधी सुरू करायचं, असं सर म्हणाले. त्या रात्रीपासून 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दुसऱ्या दिवशी रात्री घाम फुटून चादर बदलावी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी 98.6. डोक्यातला घण थांबला, तेव्हा मला वॉर्डातल्या पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

घरी आल्यावर खरी करमणूक झाली. डिस्चार्ज कार्डचा फोटो नवऱ्याने घरच्या ग्रुपवर टाकला. निदानाच्या रकान्यात 'क्लॅमिडिया सिटॅकी न्यूमोनिया'. पुण्याच्या वन्सं नुकत्या निवृत्त झाल्यात आणि कुठलाही शब्द मोबाइलवर शोधतात. त्यांनी पहिलाच शब्द शोधला. मग भावाला वेगळा फोन. दोन दिवस हा माणूस माझ्याशी फक्त "पाणी हवं का?" एवढंच बोलत होता. तिसऱ्या रात्री दिवा बंद केल्यावर म्हणाला, "तुला काही सांगायचं आहे का?" मला आधी कळेचना. कळलं तेव्हा इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली आणि सासूबाई ओव्याची पुरचुंडी घेऊन धावत आल्या.

क्लॅमिडिया हे आडनाव आहे. शरीरसंबंधांतून पसरणारा तो क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. आणखी एक आहे, क्लॅमिडिया न्यूमोनिए, तो माणसाकडून माणसाला खोकल्यातून जातो. माझा तिसरा, पाखरांचा. त्या महागड्या तपासणीत शोधला होता तो न्यूमोनिए, सिटॅकी तिच्या यादीत नव्हताच, म्हणून अहवाल निगेटिव्ह. सगळे पाटील एका घरातले नसतात, एवढं नवऱ्याला समजावून सांगितलं. वन्संना त्याने काय सांगितलं ते विचारलं नाही.

पुढचा गोंधळ 'पॅरट'वरून. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पण तुमच्याकडे पोपट कुठाय?" पोपट नाही हे खरं, आपल्याकडचे पोपट पाळायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, हे मला माहीत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. पण बजरीगर हाही पोपटच, ऑस्ट्रेलियातला, लहान चणीचा. आणि पोपटच कशाला, कबुतरांकडून, बदकांकडून, टर्की कोंबड्यांकडूनही हा जीवाणू येऊ शकतो. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखान्यांवरून गदारोळ झाला तेव्हा मी बातम्या नुसत्या चाळल्या होत्या. कबुतरांच्या धुळीने होणारा तो ॲलर्जीचा फुप्फुसविकार निराळा, माझा निराळा, पण दोघांची वाट एकच, शीटेच्या धुळीची.

गोळी चौदा दिवस. ही गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. एका रात्री आळस केला. घोटभर पाण्यावर गिळली आणि लवंडले. पहाटे छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं झालं, दोन दिवस भाताचा घासही टोचत उतरला. दुधासोबत घ्यायची नाही, पित्ताच्या औषधासोबत घ्यायची नाही, उन्हात फिरायचं नाही. दुधाचं कसंबसं जमवलं, पण सकाळची गोळी आणि सकाळचा चहा यांत दोन तास ठेवणं हे खरं पथ्य.

इकडे घरात बाकीच्यांवर नजर होती. माणसाकडून माणसाला हा आजार क्वचितच जातो, पण मुलानेही पिंजरा हाताळला होता. रोज दोन वेळा ताप मोजायचा. सुदैवाने कुणाला काही झालं नाही.

उरली पाच पाखरं. सासूबाईंचं म्हणणं, "सोडून द्या. पिंजऱ्यातल्या जिवाचा तळतळाट असतो." त्यांच्या बोलण्यात मला तथ्य वाटतं, आजही. पण पाळीव बजरीगरला बाहेर सोडणं म्हणजे कावळ्याला आणि मांजराला देणं, शिवाय आजारी पाखरू बाहेर सोडणं म्हणजे आजार वाटणं. पक्ष्यांचे डॉक्टर आमच्याकडे मिळेनात; गाईम्हशींचे आणि कुत्र्यांचे भरपूर. शेवटी पुण्याचे एक सापडले. त्यांनी व्हिडिओवर पाखरं पाहिली आणि नमुना मागवला. एका दिवसाची शीट चालत नाही, कारण जीवाणू रोज बाहेर पडतोच असं नाही. पाखरू वरून ठणठणीत दिसतं, जंतू आत दबा धरून असतो, आणि प्रवास, थंडी, गर्दी असा ताण पडला की बाहेर यायला लागतो. बाजारातला पिंजरा म्हणजे हे तिन्ही. पाच दिवसांची शीट डबीत गोळा केली. मास्क लावून, हातमोजे घालून, नवऱ्याने. अहवाल पॉझिटिव्ह आला. माझं पक्कं निदान असं पाखरांच्या शीटेवरून झालं.

त्यांचा कोर्स पंचेचाळीस दिवसांचा. तेच औषध, डॉक्सिसायक्लिन. पाण्यातून द्यायचं तर हे मुळात वाळवंटी पाखरू, पाणी पितं थेंबभर. दाण्याला चोळून द्यायचं तर दाणा सोलूनच खाणार, औषध टरफलासोबत वाटीत. डॉक्टर म्हणाले, "सोललेलं राळं मिळेल का तुमच्याकडे?" मिळेल का काय! लक्ष्मी मार्केटजवळच्या वाण्याकडे राळ्याचे तांदूळ घेतले. ते तेलाच्या बोटाने चोळायचे, वर त्यांनी तोलून दिलेली पूड, पुन्हा चोळायचं. दुसरा दाणा बंद. समुद्रफेस, म्हणजे चोच घासायला टांगलेलं माकुळीचं हाड, तोही पिंजऱ्यातून काढला, कारण त्यातला चुना औषधाला धरून ठेवतो. माझं दूध बंद, त्यांचा समुद्रफेस बंद. पाचही जणांनी पहिले दोन दिवस वाटीकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी पिवळी आधी आली, एक दाणा उचलला, टाकला, पुन्हा उचलला. ती खायला लागल्यावर बाकीचे.

साफसफाईची पद्धत मुळापासून बदलली. आधी फवाऱ्याने सगळं ओलं करायचं, कागद भिजला की आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत. झाडू नाही, खरवडणं नाही. पाखरं दुसऱ्या पिंजऱ्यात, कांदे काढलेल्या, दुसऱ्या खोलीत नेऊन मगच लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीच. त्या वासाने पाखरं गुदमरतात. पिंजऱ्यातली लाकडी घरटी टाकून दिली, लाकूड धुऊन निघत नाही. मोगऱ्याच्या कुंडीतली माती मी ओली करून पिशवीत भरली. ते काम मात्र मीच केलं.

त्या दिवसांत पडल्या पडल्या वाचत होते. 1879 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी याकोब रिटर नावाच्या डॉक्टरने एकाच घरातला हा आजार नोंदवला. सात जण आजारी, तीन गेले, आणि त्याचा संशय खोलीतल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांवर होता. मग 1929च्या नाताळात अमेरिकेतल्या ॲनापोलिस गावी एकाने बायकोला पोपट भेट दिला. पोपट मेला, बायको आजारी पडली, आणि नंतर कळलं की अर्जेंटिनाकडून आलेले आजारी पोपट देशोदेशी पोचलेत. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत तपास करणारेच एकामागून एक आडवे झाले. एक सहायक मेला. शेवटी प्रमुख डॉ. जॉर्ज मॅकॉय यांनी मार्च 1930 मध्ये एकट्याने आत जाऊन तिथले सगळे पक्षी-प्राणी मारले आणि इमारत धुरी देऊन बंद केली. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. मी हातातल्या गोळीच्या पाकिटाकडे बघितलं. आणि ही फार जुनी गोष्टही नाही. 2023-24च्या हिवाळ्यात डेन्मार्क, जर्मनी, स्वीडन, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स इथे या आजाराचे रुग्ण वाढले, पाच माणसं दगावली, जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2024 मध्ये त्याची दखल घेतली. तेव्हा मी रोज सकाळी फुंकर मारत होते.

पाखरांचा कोर्स संपल्यावर दोन आठवडे थांबून पुन्हा नमुना पाठवला. निगेटिव्ह. एवढ्या अवधीत दोन मात्र गेली, एक औषध चालू असताना आणि एक कशाने ते कळलं नाही. तीन उरली. सासूबाई आता नाकाला पदर लावून त्यांना कोथिंबीर देतात. मास्क त्यांना मानवत नाही. "तळतळाट" मधूनमधून म्हणतातच.

मी पूर्ण बरी व्हायला एप्रिल उजाडला. ताप गेला तरी जिन्याच्या त्या दोन पायऱ्या बरेच दिवस अडवायच्या. मार्चअखेर पतपेढीत बसून हिशेब केले, पण दुपारी बाकावर डोकं टेकून.

परवा सकाळी घाई होती. मास्क कानाला अर्धवट अडकवलेला. पिंजऱ्यातून वाटी काढली, वर फोलपटांचा थर, आणि बघते तर माझ्या ओठांचा चंबू झालेला. वाटी तोंडापासून वीतभर. पिवळी दांडीवरून मान वाकडी करून बघत होती. मी श्वास धरून तशीच मोरीपर्यंत गेले, वाटी नळाखाली धरली आणि मग सोडला.